‘सगळं काढून घ्या’ म्हणजे नेमकं काय काढायचं?

नमस्कार ताई,

मी औद्योगिक पंपांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या कंपनीत आहे. आमचे सर्वांत अनुभवी तंत्रज्ञ चार महिन्यांनी निवृत्त होताहेत. साहेबांनी मला सांगितलं, ‘त्यांच्या डोक्यात आहे ते सगळं जायच्या आत काढून घ्या आणि सिस्टिमवर टाका. नॉलेज मॅनेजमेंट यापुढे तुमच्याकडे.’ मी ६० प्रश्नांची प्रश्नावली करून त्यांना दिली. दोन दिवसांत परत आली. २२ प्रश्नांना सरळ उत्तरं आहेत, २१ ठिकाणी नुसतं ‘परिस्थितीनुसार’ आणि उरलेल्या १७ ठिकाणी ‘अनुभवाने कळते’. आमच्या शेअर्ड ड्राइव्हवर आधीच्या प्रयत्नांच्या शेकडो फायली आहेत, त्या कुणी उघडत नाही. सल्लागारांनी चार चौकोनांची एक आकृती दाखवली. अव्यक्त ज्ञानाचं व्यक्त ज्ञान होतं म्हणे. डेटा, माहिती, ज्ञान, व्यक्त, अव्यक्त या शब्दांत मी पार गोंधळून गेले आहे. मला खरं तर एवढंच विचारायचंय: ते मुद्दाम सांगत नाहीत, की मलाच विचारता येत नाहीये?

— एक वाचक

तुमच्या पत्रातल्या ‘काढून घ्या’ या शब्दांपाशी मी अडखळले. विहिरीतून पाणी काढावं तसं माणसातून ज्ञान काढता येतं, असं त्यात गृहीत धरलंय. पोहरा टाकला, ओढला, पिंपात ओतला, झालं. तुमची सगळी कोंडी या कल्पनेने केली आहे. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. त्या प्रश्नावलीवरून तरी ते लपवताहेत असं मला दिसत नाही. उलट त्यांनी तुमचं निम्मं काम करून दिलंय. त्या २२, २१ आणि १७ या तीन ढिगाऱ्यांकडे नीट बघा. या विषयातला सगळ्यांत महत्त्वाचा फरक त्यांनी स्वतःच्या हाताने, कुठलंही पुस्तक न वाचता, तुम्हाला वेगळा करून दिला आहे.

डेटा, माहिती आणि ज्ञान यांचं प्रकरण मात्र आधी हातावेगळं करू, कारण लोक त्यात नको इतके गुंततात. कंपनमापकावर ६.८ आकडा आला, हा डेटा. अमुक पंपाचं कंपन गेल्या महिन्यात ४ होतं आणि आज ६.८ आहे, ही माहिती. आणि ‘हा पंप देखभालीसाठी कारखाना पुढच्या वेळी बंद होईपर्यंत ओढेल, पण तो शेजारचा आजच उघडा’ असं ठरवता येणं, हे ज्ञान. व्यवस्थापनाचे अभ्यासक रसेल अ‍ॅकॉफ यांच्या १९८९च्या लेखापासून हे सगळं एकावर एक रचलेल्या पिरॅमिडसारखं दाखवायची पद्धत पडली. तळाशी डेटा, वर माहिती, त्यावर ज्ञान, अगदी वर शहाणपण. चित्र डोळ्यांना बरं वाटतं, पण त्यातून असा समज होतो की खूप डेटा साठवला की तो आपोआप मुरून ज्ञान होईल. प्रत्यक्षात कंपन कुठल्या बेअरिंगवर, कुठल्या दिशेने मोजायचं हे ज्याला कळतं त्याचाच डेटा कामाचा ठरतो. म्हणजे ज्ञान नुसतं शेवटी येत नाही, पहिल्या पायरीलाही लागतं. तुमच्या ड्राइव्हवरच्या शेकडो फायली ही माहिती आहे. ती वापरायची कधी आणि कशी, हे ज्याला येत नाही त्याच्यासाठी तो नुसता साठा आहे.

आता ते तीन ढिगारे.

मराठीत आपल्याकडे दोन फार चांगली क्रियापदं आहेत. एखादी गोष्ट आपल्याला ‘माहीत असते’ आणि एखादी गोष्ट आपल्याला ‘येते’. पोहण्याची सगळी माहिती असलेला माणूस बुडू शकतो; पोहता येणाऱ्याला तो कसा तरंगतो हे सांगता येईलच असं नाही. गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाने १९४९ मध्ये हाच भेद मांडला आणि ‘येणं’ म्हणजे ‘माहीत असण्या’चाच एक प्रकार, या समजुतीवर हल्ला चढवला. पुढे मायकेल पोलान्यी, मूळचे हंगेरीचे आणि रसायनशास्त्र सोडून तत्त्वज्ञानाकडे वळलेले, १९६६ मध्ये म्हणाले की आपण सांगू शकतो त्याहून आपल्याला जास्त ठाऊक असतं. त्यांचं उदाहरण चेहऱ्याचं. ओळखीचा चेहरा आपण हजारांत ओळखतो, पण कशावरून ओळखला ते सांगता येत नाही. ‘अव्यक्त ज्ञान’ हा शब्द त्यांच्यामुळेच रूढ झाला.

तुमच्या सल्लागारांनी इथे एक घोटाळा केलेला दिसतो, आणि तो बहुतेक जण करतात. जे जे लिहिलेलं नाही त्या सगळ्याला ते अव्यक्त म्हणतात. न लिहिलेल्या गोष्टींतही दोन जाती असतात. काही गोष्टी सांगता येतात, पण कुणी नीट विचारलेल्या नसतात, किंवा समोरच्याला हे ठाऊक नाही हेच सांगणाऱ्याच्या ध्यानात आलेलं नसतं. काही गोष्टी मात्र खरोखरच अंगात मुरलेल्या असतात. पहिल्या जातीला प्रश्न लागतात. दुसऱ्या जातीला सोबत लागते.

त्यांची २२ सरळ उत्तरं ही माहिती आहे. कुठल्या ठिकाणी कुठला व्हॉल्व्ह उलट्या आट्यांचा आहे, कुठल्या पंपाचा सील, म्हणजे गळती अडवणारा भाग, मूळ नकाशाप्रमाणे नसून नंतर बदललेला आहे, कुणाकडे सुटा भाग मिळतो. हे लिहून घ्या, तारीख घाला, आणि त्या-त्या मशीनच्या नोंदीतच ठेवा, वेगळ्या ‘ज्ञानकोशा’त नको. यावर दोन आठवड्यांहून जास्त वेळ घालवू नका.

‘परिस्थितीनुसार’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. ज्याच्या मनात परिस्थितींचे प्रकार स्पष्ट आहेत तोच असं लिहितो. म्हणजे त्यांच्याकडे ‘अमुक असेल तर तमुक’ असं बरंच काही आहे आणि तुमच्या प्रश्नात नेमकी परिस्थितीच नव्हती. सील गळायला लागला तर काय करता, असं विचारलंत तर बिचारे काय सांगणार? कुठला सील, किती गळतो, आत पाणी आहे की आम्ल, पंप जुना आहे की कालच बसवलेला, यांतलं काहीच प्रश्नात नाही.

ही २१ उत्तरं मिळवायची रीत म्हणजे घडलेल्या प्रसंगांवर बोलणं. निर्णय कसे घेतले जातात याचा अभ्यास करणारे गॅरी क्लाइन यांनी अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांना असंच बोलतं केलं. एका लेफ्टनंटने सांगितलं की एका घरात आग विझवत असताना अचानक काहीतरी विचित्र वाटलं आणि त्याने आपल्या माणसांना बाहेर काढलं. लगेच जमीन खचली. खरी आग खाली तळघरात होती. त्याला तो सहाव्या इंद्रियाचा प्रकार वाटत होता. पण प्रसंग बारकाईने उलगडत गेल्यावर दिसलं की पाणी मारूनही आग हवी तशी दबत नव्हती, खोली अपेक्षेपेक्षा जास्त तापली होती आणि एवढ्या उष्णतेच्या मानाने आवाज फार कमी होता. तीनही गोष्टी सांगता येण्याजोग्या होत्या. त्याने त्या कधी सुट्या करून पाहिल्या नव्हत्या, इतकंच.

तुम्हीही तसंच बसा. ‘रिपोर्टमध्ये एक दिसत होतं आणि तुम्ही वेगळंच केलंत, अशी अलीकडची एखादी दुरुस्ती सांगा.’ मग त्याच प्रसंगात मागे जा. सगळ्यात आधी काय खटकलं? तेव्हा दुसरा कुठला पर्याय मनात होता? नवा मुलगा असता तर इथे काय चुकला असता? हा शेवटचा प्रश्न अवश्य विचारा. स्वतःला काय येतं ते माणसाला दिसत नाही, पण दुसरा कुठे चुकेल ते लगेच दिसतं. आठवड्याला दोन प्रसंग, प्रत्येकी तासभर. एक गोष्ट सांभाळा: त्यांचं वाक्य गुळगुळीत करू नका. ‘पाइपाला हात लावला तर थरथर आत जाते, बाहेर येत नाही’ असं ते म्हणाले तर तसंच लिहा. त्याचं ‘कंपनांचे संवहन तपासावे’ केलंत की त्यातला जीव गेला.

आणि १७ ‘अनुभवाने कळते’. हे उत्तर टाळाटाळीचं नाही, प्रामाणिक आहे. कॅव्हिटेशन, म्हणजे द्रवात बाष्पाचे बुडबुडे होऊन फुटणं, होत असलेल्या पंपात खडी फिरल्यासारखा आवाज येतो, हे वाक्य कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडेल. पण चार मोटारी चालू असलेल्या खोलीत, पेचकस कानाला लावून, हा खडीचा आवाज की बेअरिंग बोलायला लागलंय, हे ओळखणं त्या वाक्यात नाही. ते कानात आहे.

समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी १९७० च्या दशकात एका नव्या प्रकारच्या लेझरचा माग काढला. टीईए लेझर म्हणतात त्याला. तो कसा बनवायचा हे शोधनिबंधांत छापलेलं होतं, वाचणारे सगळे शास्त्रज्ञ होते, उपकरणंही होती. तरी नुसत्या छापील मजकुरावरून एकालाही चालणारा लेझर बनवता आला नाही. ज्यांना जमला त्यांचा आधी बनवलेल्या कुणाशी तरी प्रत्यक्ष संबंध आला होता. माझ्या मते तुमच्या साहेबांना सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही, कारण लिहिण्यात कसूर राहिली असं इथे कुणीच म्हणू शकत नाही.

तुमच्या चार चौकोनांची आकृती इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची या जपानी व्यवस्थापन-अभ्यासकांच्या मांडणीतली आहे, १९९५ च्या पुस्तकाने ती जगभर पोचली. आकृती चुकीची नाही, अर्धीच वाचली जाते. तिच्यात चार हालचाली आहेत: सोबतीने शिकणं, शब्दांत आणणं, शब्द एकमेकांशी जोडणं, आणि वापरून अंगात मुरवणं. सल्लागार बहुतेकदा मधल्या दोन विकतात, कारण त्यांचं सॉफ्टवेअर करता येतं. नोनाकांचं गाजलेलं उदाहरण मात्र पहिल्या हालचालीचं आहे. १९८० च्या दशकात मात्सुशिता कंपनी घरगुती ब्रेड बनवण्याचं यंत्र तयार करत होती आणि पीठ नीट मळलं जात नव्हतं. तेव्हा इकुको तानाका या सॉफ्टवेअर अभियंत्या ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकायला गेल्या. तो पीठ ओढता ओढता पिळतो हे त्यांना तिथे, त्याच्या शेजारी उभं राहून कळलं. आधी शेजार, मग शब्द, मग यंत्र. बेकरला प्रश्नावली पाठवून ते कळलं नसतं.

तेव्हा या १७ गोष्टींसाठी मी लिहिण्याचा हट्ट सोडून देईन. त्यांच्या उरलेल्या प्रत्येक दौऱ्यावर एक तरुण तंत्रज्ञ द्या, शक्यतो एकच न देता दोघे आलटून पालटून. आणि एक नियम करा: मशीनजवळ गेल्यावर आधी तरुणाने बोलायचं. काय ऐकू येतंय, काय बिघडलं असावं, काय उघडावं. मग त्यांनी. क्रम उलटा झाला तर तो मुलगा मान डोलावेल आणि काहीही शिकणार नाही. दोघांच्या अंदाजात जिथे फरक पडला तेवढंच टिपून ठेवा. शक्य असेल तिथे आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि पंप उघडल्यावर आत काय निघालं ते त्या आवाजाला जोडा. हा संग्रह प्रत्यक्ष उभं राहण्याची जागा घेणार नाही, पण कान तयार करायला त्याची मदत होईल.

आता एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण तिची मला जास्त काळजी वाटते. तुम्ही सगळं ज्ञान एका माणसात आहे असं धरून चालला आहात. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात झेरॉक्सच्या फोटोकॉपी मशीन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर फिरून अभ्यास केला. कंपनीने जाडजूड मॅन्युअल दिली होती, पण अवघड बिघाड सुटायचे ते जेवायला एकत्र बसल्यावर एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांतून. व्यवस्थापनाला त्या गप्पा वेळेचा अपव्यय वाटल्या असत्या. पुढे त्याच कंपनीने ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी केली. तंत्रज्ञ स्वतः सापडलेला उपाय लिहून पाठवत, दुसरे तंत्रज्ञ तो तपासत, आणि सांगणाऱ्याच्या नावासकट तो सगळ्यांना मिळे. ती चालली, कारण लिहिणारे, तपासणारे आणि वापरणारे एकच लोक होते. तुमच्या ड्राइव्हवरच्या फायली कुणी लिहिल्या, कुणासाठी, आणि चुकीचं काही सापडलं तर दुरुस्त कोण करतं, हे तिन्ही प्रश्न विचारून बघा. त्या का उघडल्या जात नाहीत ते कळेल. कागदपत्रं जपणं हे चांगलंच काम आहे, पण ज्ञान जपणं हे वेगळं काम आहे. दोन्ही एकाच बजेटमध्ये आल्यामुळे एकच वाटू लागलीत. तुमच्याकडच्या लोकांना आपसांत बोलायला जागा आणि वेळ कुठे आहे ते शोधा, आणि कृपा करून त्या जागेवर हजेरीचा फॉर्म आणू नका.

लपवण्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. ज्ञान लपवणारे लोक असतात. या विषयावर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: टोलवाटोलवी करणं, वेड पांघरून पेडगावला जाणं, आणि उघड कारण देऊन नकार देणं. तिसऱ्यात फसवणूक असतेच असं नाही, ‘हे गोपनीय आहे’ हा खरा नकारही असू शकतो. तुमच्या गृहस्थांनी तिन्हींपैकी काही केलेलं दिसत नाही. पण ज्या माणसाला आयुष्यभर ‘तुमच्याशिवाय अडतं’ असं म्हणून वागवलं, त्याला शेवटच्या चार महिन्यांत ‘आता तुमच्याशिवाय अडू नये याची सोय करा’ असं सांगणं कठोर आहे. नोकरीत असताना मी एका निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याचा कार्यभार घेतला होता. त्यांनी १४० पानांची फाइल दिली, निरोपसमारंभ झाला, आणि महिन्याभरात माझी अडचण आली ती त्या फाइलमध्ये नसलेल्या गोष्टीवर. मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, ‘हे विचाराल असं वाटलं होतं, पण तेव्हा कुणी विचारलंच नाही.’ त्यांच्या आवाजातलं दुःख मला अजून आठवतं. सगळ्यांना फाइल हवी होती.

म्हणून त्यांना शिकवणाऱ्याचा मान द्या, आणि तो कागदावरही दिसू द्या. त्यांचं रोजचं काम कमी करा. दिवसभर दुरुस्ती आणि शिवाय ज्ञान हस्तांतर, हे कुणालाच झेपत नाही. निवृत्तीनंतर महिन्यातले काही तास सल्ल्यासाठी मानधनावर येतील का, तेही आत्ताच विचारा.

आणखी एक सावधगिरी. त्यांना जे येतं त्यातलं सगळंच बरोबर असेल असं नाही, आणि जे बरोबर आहे ते का बरोबर आहे हे त्यांनाही ठाऊक नसेल. अमेरिकेत अण्वस्त्रांसाठी ‘फॉगबँक’ नावाचा एक पदार्थ १९८९ पर्यंत बनत असे. नंतर कारखाना बंद झाला, माणसं पांगली, नोंदी तुटपुंज्या राहिल्या. २००० नंतर पुन्हा बनवायची वेळ आली तेव्हा जुनी पद्धत पाळूनही पदार्थ नीट होईना. अखेर उलगडा झाला तो असा: जुन्या कच्च्या मालात एक अशुद्धी होती आणि तिच्यामुळेच पदार्थ जमत असे. नव्या, जास्त चांगल्या शुद्धीकरणात ती निघून जात होती. मूळ कामगारांनाही हे माहीत नव्हतं. सगळ्यांची मुलाखत घेतली असती तरी कुणी सांगू शकलं नसतं. म्हणून तुमचे तंत्रज्ञ एखादी गोष्ट विनाकारण करताना दिसले, उदाहरणार्थ पंप सुरू करण्याआधी ठरावीक वेळ थांबताना, तर ती निरुपयोगी समजून गाळू नका. टिपा, आणि ते असतानाच एकदा न थांबता करून बघता येईल का, ते सुरक्षिततेच्या मर्यादेत तपासा. काही सवयी नुसत्या सवयी निघतील, काहींवर तुमचा पंप चालत असेल.

साहेबांना काय सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तेच सर्वांत अवघड जाणार आहे. त्यांना सिस्टिमवर काहीतरी दिसायला हवंय. २२ उत्तरं महिन्याभरात दिसतील, तीच आधी दाखवा. त्याच बैठकीत मोजमाप बदलून घ्या. किती पानं झाली हे न मोजता, कुठल्या दहा अवघड दुरुस्त्यांत आज फक्त यांनाच बोलवावं लागतं याची यादी करा, आणि चौथ्या महिन्याच्या शेवटी त्यांतल्या किती दोघा तरुणांनी, ते नुसते मागे उभे असताना, स्वतः केल्या ते मोजा. दहापैकी पाच झाल्या तरी मी ते मोठं यश समजेन. उरलेल्या पाचांसाठी बाहेर कुणाला बोलवायचं तेवढं तरी कळेल.

ती प्रश्नावली फेकू नका. ती घेऊन त्यांच्याकडे जा, स्वच्छ सांगा की चूक प्रश्नांत होती, आणि १७ ‘अनुभवाने कळते’वर बोट ठेवून विचारा: यातलं पहिलं कुठल्या पंपावर दाखवाल, आणि मी कुणाला बरोबर पाठवू?